मेमरी शिल्लक असूनही कर्नल ‘नाही’ म्हणतो तेव्हा: मर्यादा शोधायची कशी, बफर मागायचा कसा

११ जीबी मेमरी ‘उपलब्ध’ दिसत होती आणि १२८ केबीचा एक बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) मिळत नाही म्हणून ड्रायव्हर सुरू व्हायला तयार नव्हता. मशीन रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. दोन आठवडे गेले की पुन्हा तेच. मी तेव्हा जे केलं तेच बहुतेक जण करतात: रॅम वाढवली. दोन आठवड्यांचे तीन झाले, इतकाच काय तो फरक पडला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

‘मेमरी संपली’ ही एकच तक्रार नसते. निदान चार वेगळ्या गोष्टी संपू शकतात: पत्ते, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) दिलेली वचनं, सलग मोकळी पानं (मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांत वाटली जाते ते), किंवा कोणीतरी मुद्दाम घालून दिलेला कोटा. चौघांचे हिशेब वेगळे, ते पाहायच्या जागा वेगळ्या आणि उपायही वेगळे. नेमकं काय संपलं हे कळायच्या आत एकही आकडा बदलायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मं काम होतं.

पुढचं सगळं मुख्यतः लिनक्सबद्दल आहे. आज्ञा, फाइली आणि फंक्शनची नावं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाकायची.

पायरी १: आधी लॉग वाचा, मग बोला

डी-मेसेज (कर्नल लॉग दाखवणारी आज्ञा) चालवा आणि नेमकं वाक्य शोधा. वाक्यावरूनच कोणता हिशेब तपासायचा ते ठरतं.

प्रोग्रामला ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ म्हणजे ईनोमेम, त्रुटी क्रमांक १२, मिळाली आणि कर्नल लॉगमध्ये मात्र काहीच नाही, असं असेल तर पत्ते, वचनं किंवा यूलिमिट (प्रोसेसला घातलेला कोटा) यांपैकी काहीतरी आडवं आलं आहे. कर्नलच्या दृष्टीने त्यात नोंद करण्यासारखं काही घडलेलंच नसतं. नियमाप्रमाणे नकार दिला, विषय संपला. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ दिसलं तर खरी पानं संपली होती. त्याच्या आधी ‘मेमरी सीग्रुप’ (प्रोसेसच्या गटाला कोटा घालायची कर्नलची सोय) हे शब्द असतील तर मशीनची नव्हे, त्या कंटेनरची मर्यादा संपली. ‘व्हीमॅप अलोकेशन फॉर साइझ अमुक फेल्ड’ आलं तर कर्नलचे स्वतःचे पत्ते संपले.

आणि ‘पेज अलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:५’ असं आलं तर सलग पानांचा प्रश्न आहे. इथे ऑर्डर म्हणजे दोनाचा घात. ऑर्डर ० म्हणजे १ पान, ऑर्डर ३ म्हणजे ८ पानं, ऑर्डर ५ म्हणजे ३२. पान ४ केबीचं असेल तर ऑर्डर ५ म्हणजे १२८ केबी, तेही फिजिकल मेमरीत एकाला एक लागून. त्याच ओळीतला ‘मोड’ही वाचा. मागणारा थांबायला तयार होता की नव्हता, ते त्यातून कळतं. जीएफपी_कर्नल म्हणजे ‘वाटल्यास मला झोपवा, पानं मोकळी करा, मग द्या’. जीएफपी_अटॉमिक म्हणजे ‘आत्ता असेल तर द्या, नाहीतर नाही म्हणा’. इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला दुसराच पर्याय असतो.

पायरी २: पत्ते संपलेत का?

३२ बिट प्रोसेसरवर एकूण पत्ते ४ जीबीचे. एक्स८६ लिनक्सची रूढ विभागणी म्हणजे ३ जीबी प्रोसेसला आणि १ जीबी कर्नलला. कर्नलच्या त्या १ जीबीतले ८९६ एमबी रॅमच्या सुरुवातीच्या भागाला थेट जोडलेले असतात, तो लोमेम. उरलेल्या १२८ एमबीत व्हीमॅलॉक (विखुरलेली पानं सलग पत्त्यांवर मांडणारं फंक्शन) आणि इतर तात्पुरत्या जोडण्या भागवायच्या.

यातून एक गंमतशीर कोंडी व्हायची. प्रत्येक फिजिकल पानासाठी कर्नल एक नोंद ठेवतो. ३२ बिटवर ती किमान ३२ बाइटची धरा. पीएई (३२ बिटवर ४ जीबीहून जास्त रॅम वापरू देणारी सोय) वापरून ६४ जीबी रॅम लावली तर १ कोटी ६७ लाखांहून जास्त पानं होतात आणि त्यांच्या नोंदींनाच ५१२ एमबी लागतात, तेही लोमेममधून. म्हणजे रॅम जितकी वाढवाल तितकी कर्नलची स्वतःची जागा आकसणार! जुन्या ३२ बिट उपकरणांवर ‘व्हीमॅप अलोकेशन’वाली तक्रार आली तर बूट पॅरामीटरमध्ये ‘व्हीमॅलॉक=’ वाढवता येतं, पण तेवढी जागा लोमेममधून जाते हे लक्षात ठेवून.

६४ बिट एक्स८६वर चार पातळ्यांच्या पेज टेबलने ४८ बिटांचे पत्ते मिळतात: प्रोसेसला १२८ टीबी, आणि कर्नलच्या वाट्यात नुसत्या व्हीमॅलॉकला ३२ टीबी. इथे पत्ते संपणं जवळपास अशक्य. संपते ती मॅपिंगची, म्हणजे प्रोसेसच्या पत्त्यांतल्या सलग पट्ट्यांची, संख्या. व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट ही मर्यादा पाहा. तिची कर्नलमधली मूळ किंमत ६५,५३० आहे. काही वितरणांनी ती वाढवून ठेवली आहे. हा विचित्र आकडा आला कुठून? कोअर डंपच्या (कोसळलेल्या प्रोसेसच्या मेमरीच्या प्रतीच्या) ईएलएफ फाइलमध्ये विभागांची संख्या १६ बिटांत मावते, म्हणजे ६५,५३५. त्यातून थोडी सूट सोडली.

एखादी प्रोसेस किती मॅपिंग वापरते हे /प्रॉक/पीआयडी/मॅप्स (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक) या फाइलच्या ओळी मोजून कळतं. जेमतेम काही जीबी वापरणारी प्रोसेससुद्धा इथे अडकते. कारण एका सलग मॅपिंगच्या मधल्या पानाचे हक्क एमप्रोटेक्टने बदलले की एकाची तीन मॅपिंग होतात. प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकखाली राखणीचं पान असतं, तेही वेगळं मोजलं जातं. सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे मेमरी परत करणारा एममॅपचा उलटा कॉल, एमअनमॅप, हाही ईनोमेम देऊ शकतो: मधला तुकडा काढायचा तर एका मॅपिंगची दोन होणार, आणि मर्यादा तर गाठलेली! अशा ठिकाणी आकडा २,६२,१४४ किंवा त्याहून वर नेणं रास्त आहे, आणि इलॅस्टिकसर्चसारखी सॉफ्टवेअर ते सांगतातही. मात्र मॅपिंग तासागणिक वाढतच असतील तर ती गळती आहे. आकडा वाढवून ती बुजत नाही.

पायरी ३: वचनांचा हिशेब

प्रोसेसने मेमरी मागितली की कर्नल पानं देत नाही, फक्त शब्द देतो. पान मिळतं ते पहिल्यांदा स्पर्श केल्यावर. किती शब्द द्यायचे हे व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी ठरवतं. ० असेल तर अंदाजाने: आताच्या कर्नलमध्ये एकच मागणी एकूण रॅम आणि स्वॅप (रॅमला पूरक अशी डिस्कवरची जागा) यांच्या बेरजेपेक्षा मोठी असेल तरच नकार. १ म्हणजे कुणालाही नाही म्हणायचं नाही. २ म्हणजे काटेकोर हिशेब.

२ लावताना लोक हमखास फसतात. त्यात मर्यादा निघते ती अशी: ह्यूजपेजना (मोठ्या मापाच्या पानांना) राखून ठेवलेली रॅम वजा करा, उरलेल्या रॅमचे ओव्हरकमिट_रेशो इतके टक्के घ्या आणि त्यात स्वॅप मिळवा. रेशोची मूळ किंमत ५०. म्हणजे १६ जीबी रॅम आणि ४ जीबी स्वॅप असलेल्या मशीनवर मर्यादा १२ जीबी. स्वॅप ठेवलाच नसेल तर ८ जीबी, आणि निम्मी रॅम मोकळी असतानाही प्रोग्राम धडाधड पडू लागतात. म्हणून २ लावायचंच असेल तर आधी रेशो ठरवा, नाहीतर ओव्हरकमिट_केबाइट्समध्ये थेट आकडा द्या.

/प्रॉक/मेमइन्फोमध्ये कमिटलिमिट आणि कमिटेड_एएस या दोन ओळी शेजारीशेजारी असतात. ० किंवा १ लावलेलं असताना दुसरा आकडा पहिल्याच्या पुढे गेलेला पाहून घाबरू नका. ती मर्यादा फक्त २ मध्ये पाळली जाते. माझं मत विचाराल तर २ हे त्याच सिस्टिमवर लावावं जिथल्या सगळ्या प्रोसेस तुमच्या ओळखीच्या आहेत आणि ईनोमेम आल्यावर काय करायचं हे त्यांना खरंच कळतं. मोठ्या प्रोसेसने फोर्क केलं, म्हणजे स्वतःची प्रत काढली, की क्षणभर तिच्या मेमरीची दुप्पट वचनं लागतात, आणि असे प्रोग्राम २ मध्ये उगाच मरतात.

पायरी ४: कोटा कोणी घातला?

/प्रॉक/पीआयडी/लिमिट्स वाचा. शेलमध्ये यूलिमिट चालवून पाहू नका. सेवा सिस्टमडीने सुरू केली असेल तर तिच्या मर्यादा तुमच्या शेलच्या नसतात. ‘मॅक्स अ‍ॅड्रेस स्पेस’ ही ओळ ‘अनलिमिटेड’ नसेल तर संशयाला जागा आहे. ‘मॅक्स रेसिडेंट सेट’कडे मात्र दुर्लक्ष करा. ती मर्यादा लिनक्स फार पूर्वीपासून पाळतच नाही, नुसती दाखवायला उरली आहे. ‘मॅक्स लॉक्ड मेमरी’ वर्षानुवर्षं ६४ केबी होती, ५.१६ पासून ८ एमबी झाली. रॅममध्ये बफर खिळवून ठेवणाऱ्या प्रोग्रामला ती आडवी येते.

कंटेनर असेल तर सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत मेमरी.मॅक्स, मेमरी.करंट आणि मेमरी.इव्हेंट्स या तीन फाइली पुरतात. तिसरीत ‘मॅक्स’ आणि ‘ओओएम_किल’ (ओओएम म्हणजे आउट ऑफ मेमरी) हे मोजणीचे आकडे असतात. ते वाढत असतील तर शोध इथेच संपला. कंटेनरच्या खात्यावर फक्त प्रोग्रामची मेमरी पडत नाही. सॉकेट बफर, पेज टेबल, फाइलनावांच्या स्लॅब (कर्नलच्या छोट्या वस्तूंचा साठा) नोंदी आणि वाचलेल्या फाइलींचं पेज कॅश हे सगळं त्यातच. लाखो छोट्या फाइली चाळणाऱ्या कंटेनरचा स्लॅब फुगतो, आणि प्रोग्रामर बिचारा स्वतःच्या कोडमध्ये गळती शोधत बसतो. मेमरी.स्टॅट उघडली की ही फोड दिसते. थेट मारून टाकण्याऐवजी आधी वेग आवळायचा असेल तर मेमरी.हाय थोडं खाली ठेवा.

पायरी ५: सलग पानं आहेत का?

आता माझ्या त्या १२८ केबीकडे. /प्रॉक/बडीइन्फो उघडा. प्रत्येक झोनसमोर (रॅमच्या विभागासमोर) आकड्यांची रांग असते. ४ केबी पानांच्या नेहमीच्या एक्स८६ कर्नलवर ते ११ आकडे असतात, ऑर्डर ० पासून १० पर्यंत, आणि प्रत्येक आकडा म्हणजे त्या मापाचे किती तुकडे मोकळे आहेत. समजा ‘नॉर्मल’ झोनची रांग अशी आहे:

४१२५० १८७३० ६१२० ९४० १२ ० ० ० ० ० ०

बेरीज करा: १,६५,००० केबी, १,४९,८४० केबी, ९७,९२० केबी, ३०,०८० केबी आणि ७६८ केबी. एकूण साधारण ४३३ एमबी मोकळी. पण सगळ्यात मोठा तुकडा ६४ केबीचा. १२८ केबी सलग कुठेच नाही. ‘उपलब्ध’ दिसणाऱ्या जीबींमध्ये पेज कॅशचा मोठा वाटा असतो. कर्नल तो रिकामा करू शकतो, पण रिकामी झालेली पानं शेजारी-शेजारीच निघतील याची हमी कोण देणार? फ्री आज्ञेच्या एका आकड्यात ही विखुरलेली अवस्था दिसतच नाही.

यावर कर्नल पानं सरकवून सलग जागा करतो, त्याला कॉम्पॅक्शन म्हणतात. /प्रॉक/सिस/व्हीएम/कॉम्पॅक्ट_मेमरीमध्ये १ लिहून ते हाताने सुरू करता येतं. आधीची आणि नंतरची बडीइन्फो ताडून पाहा. मोठे तुकडे झाले तर बरं. झाले नाहीत तर न हलणारी पानं, म्हणजे मुख्यतः कर्नलचीच, सगळीकडे पेरली गेली आहेत. /प्रॉक/पेजटाइपइन्फोमध्ये त्यांचं प्रमाण दिसतं.

मध्येच एक सांगून ठेवतो: दर तासाला ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहिणारा क्रॉन जॉब कुठेही दिसला तर काढून टाका. त्याने डिस्कवरचं वाचन वाढतं आणि खरा दोष झाकला जातो.

व्हीएम.मिन_फ्री_केबाइट्स वाढवायचा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. तो कधी लागू पडतो? ऑर्डर ० ची अटॉमिक मागणी फसत असेल तेव्हा, जसं की नेटवर्क कार्डावर पॅकेटांचा लोंढा आल्यावर. प्रत्येक झोनला मिन, लो आणि हाय अशा तीन खुणा असतात. मोकळी पानं लोच्या खाली गेली की के-स्वॅपडी (पानं मोकळी करणारा कर्नलचा थ्रेड) जागा होतो आणि हायपर्यंत मोकळं करत राहतो. मिनच्या खालचा साठा थांबू न शकणाऱ्यांसाठी. साठा मोठा केला की लोंढा झेलायला उसंत मिळते. पण आकडा बेतानेच वाढवा. फार वर नेलात तर मशीन तिथल्या तिथे ओओएममध्ये जातं. के-स्वॅपडीला लवकर जागं करणं एवढाच हेतू असेल तर वॉटरमार्क_स्केल_फॅक्टर जास्त बरा. त्याची मूळ किंमत १०, म्हणजे खुणांमधलं अंतर मेमरीच्या ०.१ टक्का.

पायरी ६: कर्नल कोडमध्ये बफर मागताना

ड्रायव्हर किंवा मॉड्यूल तुमचं असेल तर खरा उपाय इथे आहे. मागण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: हा बफर फिजिकल मेमरीत सलग असायलाच हवा का?

केमॅलॉक सलग देतं. छोट्या मागण्या ठरलेल्या मापांच्या स्लॅबमधून भागतात: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६ असं वाढत ८१९२ बाइटपर्यंत. त्यापुढे थेट पानं, तीही दोनाच्या घातात. म्हणून ४०९७ बाइट मागितले तर ८१९२ जातात, आणि ६४ केबीच्या बफरला १६ बाइटचं शीर्षक चिकटवलंत की मागणी १२८ केबीची होते. माझ्या त्या ड्रायव्हरमध्ये हेच झालं होतं. कोणीतरी आकडेवारीच्या तक्त्यापुढे एक छोटी नोंद जोडली होती आणि ऑर्डर ४ ची ५ झाली होती.

दुसरी सीमा ऑर्डर ३ ची. ३२ केबीपर्यंतच्या, थांबायला तयार असलेल्या मागणीसाठी कर्नल जिवाचं रान करतो, अगदी एखादी प्रोसेस मारण्यापर्यंत. त्यावरची मागणी ‘महागडी’ धरली जाते आणि तो लवकर हात वर करतो. म्हणजे ३२ केबीच्या वरचं केमॅलॉक कधीतरी फसणार हे गृहीत धरूनच कोड लिहायचा.

व्हीमॅलॉक विखुरलेली पानं घेऊन कर्नलच्या पत्त्यांत सलग मांडतं. पेज टेबल उभं करायला वेळ लागतो, टीएलबीवर (पत्त्यांची भाषांतरं लक्षात ठेवणाऱ्या सीपीयूतल्या कॅशवर) ताण येतो, आणि ते झोपू शकतं म्हणून इंटरप्टमध्ये चालत नाही. पण मोठा तक्ता, हॅश टेबल, फर्मवेअरची प्रत यांना त्याने काहीच बिघडत नाही. ४.१२ पासून केव्हीमॅलॉक आहे: आधी केमॅलॉक करून पाहतं, न जमल्यास व्हीमॅलॉकवर जातं. परत देताना केव्हीफ्रीच वापरायचं. माझा तक्ता डीएमएसाठी (उपकरणाने थेट मेमरी वाचण्या-लिहिण्यासाठी) नव्हताच, सीपीयूच तो वाचत होता. मागणीची एक ओळ आणि मोकळं करण्याची एक ओळ बदलली, आणि दर दोन आठवड्यांचा रीस्टार्ट बंद झाला.

उपकरण स्वतः मेमरीत लिहिणार असेल तर मात्र डीएमए_अलॉक_कोहेरंट घ्या, आणि तेही ड्रायव्हर सुरू होतानाच. प्रत्येक वेळी मागून-सोडून नव्हे. त्याहून चांगलं म्हणजे उपकरणाला स्कॅटर-गॅदर येत असेल तर सुट्या पानांची यादीच त्याला द्यायची. येत नसेल आणि कित्येक एमबी सलग लागणार असतील, जसं कॅमेऱ्याच्या फ्रेमना लागतात, तर बूटच्या वेळी ‘सीएमए=’ देऊन जागा राखा.

बारीकसारीक पण चावणाऱ्या गोष्टी. संख्या गुणिले आकार असा गुणाकार हाताने करू नका. केमॅलॉक_अ‍ॅरे किंवा केव्हीकॅलॉक ओव्हरफ्लो तपासतात. आकार यूजरकडून येत असेल तर त्याला तुमची स्वतःची कमाल मर्यादा घाला. एकाच मापाच्या वस्तू लाखोंनी लागत असतील तर वेगळं केमेम_कॅश काढा. ही स्लॅबची मूळ कल्पना जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सोलारिसच्या संदर्भात मांडली होती. डिस्कवर लिहिण्याच्या वाटेवर मेमरी मागायची वेळ आली तर मेमपूल (आधीच राखून ठेवलेला साठा) हवाच, कारण मेमरी मोकळी करण्यासाठी लिहायचं आणि लिहिण्यासाठी मेमरी मागायची, हा फास तिथेच बसतो.

पायरी ७: कर्नलचे तयार बफर

टीसीपीचा बफर अंदाजाने ठरवू नका, गुणाकार करा. १ गिगाबिट वेग आणि ८० मिलिसेकंदांची फेरी (पॅकेट जाऊन उत्तर परत यायचा वेळ) म्हणजे १० एमबी डेटा एका वेळी वाटेत असतो. अनेक सिस्टिमवर टीसीपी_आरमेमचा (येणाऱ्या डेटाच्या बफरच्या सेटिंगचा) तिसरा, म्हणजे कमाल आकडा ६२,९१,४५६ बाइट सापडतो. तो इथे कमी पडेल. पॅकेटांच्या नोंदींचाही भार त्याच बफरवर पडत असल्याने १० ची दुप्पट, २० एमबी धरा. मग लगेच दुसरा गुणाकार: अशी १,००० कनेक्शन एकदम भरली तर २० जीबी. एकूण लगाम टीसीपी_मेममध्ये असतो, आणि त्यातले आकडे बाइटमध्ये नसून पानांमध्ये असतात. ही चूक मी स्वतः केली आहे.

वेग वाढावा म्हणून प्रोग्राममध्ये एसओ_आरसीव्हीबफ (सॉकेटच्या येणाऱ्या डेटाचा बफर ठरवणारा पर्याय) लावणारे बहुतेक वेळा तो वेग कमी करतात. ते लावलं की कर्नलचं आपोआप वाढवणं बंद पडतं, आणि मागितलेला आकडा नेट.कोअर.आरमेम_मॅक्सला जाऊन अडतो. तो पुष्कळ ठिकाणी २,१२,९९२ बाइट असतो. कर्नल त्याची दुप्पट करतो खरी, पण तरी ती ६ एमबीच्या जवळपासही जात नाही.

डिस्ककडे जाणाऱ्या न लिहिलेल्या पानांबाबत टक्केवारी ही जुन्या, छोट्या मशीनच्या काळातली पद्धत. २५६ जीबी रॅमवर डर्टी_रेशो २० म्हणजे ५० जीबीपर्यंत साचू शकतं. डिस्क सेकंदाला २०० एमबी लिहीत असेल तर ते उपसायला चार मिनिटांहून जास्त लागतील, आणि तोवर लिहिणारे प्रोग्राम ताटकळतील. डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स २५६ एमबी आणि डर्टी_बाइट्स १ जीबी इथून सुरुवात करा. बाइटचा आकडा दिला की त्याच्या जोडीचा टक्केवारीचा आकडा आपोआप ० दिसू लागतो. तो बिघाड नाही.

पाइपचा बफर १६ पानांचा, म्हणजे ६४ केबी. एफ_सेटपाइप_एसझेडने तो १ एमबीपर्यंत नेता येतो. पण साध्या यूजरला सगळ्या पाइप मिळून १६,३८४ पानांचा कोटा आहे. तो ओलांडला की नव्या पाइप निमूटपणे आखूड मिळतात.

पायरी ८: फसवून पाहा

बदल केला, आता आठ-पंधरा दिवस वाट पाहायची? गरज नाही. चाचणीच्या कर्नलमध्ये फॉल्ट इंजेक्शन (मागणीला मुद्दाम नकार घडवणं) चालू करा. फेलस्लॅब आणि फेल_पेज_अलॉक हे दोन स्विच डीबगएफएसमध्ये मिळतात. शक्यता ५ टक्के ठेवा, ‘टाइम्स’ -१ करा म्हणजे मोजणी संपणार नाही, टास्क फिल्टर लावून नकार फक्त तुमच्या प्रोसेसपुरता ठेवा, आणि मॉड्यूल शंभर वेळा चढवा-उतरवा. जिथे बफर मिळाला नाही पण आधी घेतलेलं सोडलंही नाही, अशा जागा केमेमलीक दाखवून देईल. माझ्या त्या ड्रायव्हरमध्ये अशा तीन जागा निघाल्या, आणि त्यांपैकी एक मी केलेल्या दुरुस्तीतच होती.

प्रत्यक्ष चालू मशीनवर /प्रॉक/प्रेशर/मेमरीची ‘फुल’ ओळ (सगळीच कामं मेमरीपायी अडली तो वेळ) आणि बडीइन्फो दर दहा मिनिटांनी एका फाइलीत टिपून ठेवा. सिसकंट्रोलचा (वर आलेल्या ‘व्हीएम.’, ‘नेट.’ अशा कर्नल सेटिंगचा) एका वेळी एकच आकडा बदला, आणि सिसकंट्रोल.डी मधल्या फाइलीत त्या ओळीच्या वर लॉगमधलं जे वाक्य पाहून तो बदललात ते जसंच्या तसं चिकटवा. सहा महिन्यांनी तो आकडा तिथे का आहे, हे विचारणारे बहुधा तुम्हीच असाल.